गडग्यावर चढून आणलेली वेळ

संध्याकाळी लाईट गेली आणि परत आली. आमच्याकडे लाईट जाणं यात सांगण्यासारखं काही नाही. पण लाईट गेली की पडवीतलं बाईचं घड्याळ वेळ विसरायचं, आणि लाईट आली की बरोब्बर साडेपाचपासून मोजायला लागायचं. मग काय करायचं ते ठरलेलं. मी फोन घेऊन घरापुढच्या खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर चढायचो, कारण रेंज तिथेच, त्या एका चिऱ्यावर उभं राहून हात वर केला तरच. फोनातलं इंटरनेट घड्याळाला जोडायचं एक बटण आहे, ते दाबायचं आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं. बाई पडवीत घड्याळासमोर. घड्याळाने वेळ मागवायची, वेळ यायची, आकडे बदलायचे, की बाई आतून ओरडायची, "आली." मग मी उतरायचो.

त्या संध्याकाळी मी असाच हात वर करून उभा होतो. पाखाडीच्या पायऱ्यांनी वर येणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "काका, आज काय पकडताय?"

"वेळ."

"जास्तीची मिळाली तर दोन मिनिटं आमच्याकडे पण द्या."

बाई पडवीतून म्हणाली, "तुमच्याकडे आधीच दहा मिनिटं जास्त आहेत."

शेजारी हसत गेला. बाई म्हणाली, "आली." मी उतरलो, गुडघ्याला शिवी दिली, आणि आम्ही बांगड्याचं सार आणि भात जेवलो. मोठा बांगडा तिने घेतला. नेहमी घ्यायची.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पुढचं शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही तोंड पाडून वाचाल, आणि बाई तोंड पाडून वाचण्यासारखी नव्हती.

बाई म्हणजे माझी बायको. प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे अख्खी बौद्धवाडी तिला बाई म्हणायची. मग मी तरी वेगळं काय म्हणणार. माझं शिक्षण चौथी, तेही चौथीच्या मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. जन्म बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेला. तिचं डोकं गरम, माझे हात गार, म्हणून संसार टिकला असं लोक म्हणायचे.

तिला वेळेचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच, मी कौतुक करत नाही. आमच्या वाडीत प्रत्येक घराचं घड्याळ पुढे असतं, कुणाचं दहा मिनिटं, कुणाचं पंधरा. का, तर एस.टी. चुकू नये. आणि घड्याळ पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे तेवढी मिनिटं वजा करून चहा पीत बसतात, आणि एस.टी. चुकते. बाईला याची चीड. "स्वतःच स्वतःला टोपी घालायची आणि वर आरशात बघून हसायचं," म्हणायची. कुणाच्या घरी गेली की बसायच्या आधी स्टुलावर चढून त्यांचं घड्याळ बरोबर करायची. हळदीकुंकवासारखं ते तिचं वाण. बायका तिला लांबून बघितलं की आधी घड्याळ काढून कपाटात ठेवायच्या.

एका घरात तिने असंच घड्याळ बरोबर केलं आणि सांगायला विसरली. त्यांना सकाळी मंडणगडला साखरपुड्याला जायचं होतं. त्यांनी सवयीने दहा मिनिटं वजा केली, आरामात खाली उतरले, तर रस्त्यावर गाडीचा धूर. पूर्ण खानदान नवे कपडे घालून आमच्या खळ्यात भांडायला. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गाडी वेळेवर सुटली. बरं वाटलं ऐकून." मी मागच्या दाराने सटकलो.

हे वेड तिला बापाकडून आलं. माझे सासरे मूळचे बुरोंडीचे, मुंबईत गिरणीच्या भोंग्यावर उठून भोंग्यावर झोपलेले. त्यांनी मुलगी बघायला मला सकाळी दहाला बोलावलं होतं. मी काही दहाला पोचणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी आमचा बर्फाचा ट्रक बुरोंडीला मासळीसाठी चालला होता, मी लाद्यांच्या मागे बसलो, आणि ड्रायव्हरने मला त्यांच्या दारात उतरवलं तेव्हा आत दहाचे ठोके पडत होते. माझी विजार मागून ओली. सासऱ्यांनी विजार बघितली नाही, घड्याळ बघितलं. म्हणाले, "मुलगा वेळेचा आहे." लग्न ठरलं. त्यानंतर मी उभ्या आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलो नाही, आणि बाईने प्रत्येक वेळी ती ओली विजार काढली.

सासऱ्यांचं एक वाक्य बाई जपमाळेसारखं म्हणायची. "आपण मुहूर्त सोडला, वेळ नाही सोडली." हे समजून घ्या, कारण सगळी भानगड इथेच आहे. आम्ही बौद्ध. आमच्यात लग्नाला मुहूर्त नसतो. घटका नाही, पळं नाही, सगळे दिवस चांगले. विचार उत्तम आहे. पण होतं काय, की मुहूर्त चुकायची भीतीच नाही म्हटल्यावर लोक सैल सुटले. पत्रिकेवर छापतात साडेअकरा, आणि मंगल परिणय लागतो नवऱ्याचा मामा जेवून, झोपून, उठून आल्यावर. बाई प्रत्येक लग्नाला पत्रिकेतल्या वेळेला हजर. मांडवात ती, मंडपवाला आणि एक कुत्रा. मंडपवाला तिला खुर्ची पुसून द्यायचा.

तिची एकच इच्छा होती. सोनं नको, दार्जिलिंग नको. आपल्या वाडीत काहीतरी एकदा लिहिल्या वेळेला सुरू झालेलं बघायचं होतं. लग्न असो, बारसं असो, विहाराची मीटिंग असो. एकदाच.

रिटायर झाल्यावर तिच्या हाती जुना लॅपटॉप आला, आणि तिने ठरवलं की वाडीला घड्याळ आपणच करून द्यायचं. चष्मा लावून व्हिडिओ बघायची, वहीत काढायची, पुसायची, परत काढायची. कुरियरने एक चिमटीत मावेल एवढी हिरवी पट्टी आली. मला वाटलं डासांचं औषध. बाई म्हणाली, हे घड्याळाचं डोकं आहे. यात मी लिहिते ते हे वाचतं, आणि इंटरनेटवरून वेळ मागवतं.

मी म्हटलं, वेळ फोनातही आहे की.

"फोनातली वेळ कुणीतरी आणून ठेवलेली. ही मी स्वतः विचारून घेणार."

"कुणाला विचारणार?"

तेव्हा तिने मला बसवून समजावलं, चौथीच्या वर्गाला समजवावं तसं, म्हणजे माझ्या इयत्तेप्रमाणे. कुठेतरी दूर एक मशीन असतं, सर्व्हर म्हणतात. त्याचं काम एवढंच, कुणीही विचारलं की वेळ सांगायची. जगात कुणीही विचारा, फुकट सांगतं. मी म्हटलं, आणि त्याला कोण सांगतं? तर त्याच्या वरचं. त्याच्या वरच्याला? एक अणूचं घड्याळ. आणि त्या घड्याळाला कोण सांगतं?

"ते कुणाला विचारत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखं."

दोन दिवस चहा मीच केला.

पण एक गोष्ट तिने सांगितली ती मला लगेच पटली. आपला प्रश्न तिकडे जायला वेळ लागतो, उत्तर यायलाही लागतो. तोवर ती वेळ शिळी झालेली असते. म्हणून घड्याळ जाण्यायेण्याचा वेळ मोजतं, त्याचा निम्मा करतं आणि आलेल्या वेळेत मिळवतं. बाईला वाटलं मला हे कळणार नाही. मी म्हटलं, यात काय कळायचं? आम्ही बुरोंडीला बर्फ पाठवायचो तेव्हा वाटेत वितळणार तेवढा धरूनच लादी जास्त टाकायचो. तेवढं प्रवासात जायचंच. बाईने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबांनी काही अगदीच विजार बघून निवड केली नाही."

पहिल्या दिवशी घड्याळ लागलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि आकडे म्हणत होते दीड. मी म्हटलं, जेवायला वाढ. बाई म्हणाली ही सगळ्या जगाची सामाईक वेळ आहे, आपण तिच्या साडेपाच तास पुढे, ते मिळवायचं राहिलं. मग मिळवलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ गप्पच. कारण काय, तर तिने प्रोग्राम असा लिहिला होता की दर सेकंदाला वेळ विचारायची. बाईचा स्वभावच तो, पोराने उत्तर दिलं तरी परत विचारायची. तिकडच्या सर्व्हरने कंटाळून उत्तर द्यायचं बंद केलं. बाईने लगेच प्रोग्राम बदलला, तासातून एकदाच विचारायचं केलं, आणि लॅपटॉपसमोर हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. सर्व्हरचा मला हेवा वाटला.

मग ते साडेपाचचं कोडं. लाईट जाऊन आली आणि रेंज नसली की घड्याळाला वेळ मिळत नाही, तेव्हा ते साडेपाच का दाखवतं? बाई म्हणाली, यंत्रांनी आपली मोजणी कधीतरी एका मध्यरात्री शून्यापासून सुरू केली. काहीच कळलं नाही की ते त्या शून्यावर जाऊन बसतं. त्यात आपले साडेपाच मिळवले की पहाटेचे साडेपाच. "म्हणजे हरवलं की जन्माच्या वेळेला जाऊन उभं राहतं," म्हणाली. मी म्हटलं, मी हरवलो की गुत्त्यात जायचो. "तुमचा जन्म तिथलाच," म्हणाली.

त्या घड्याळाचा बोलबाला झाला. बाईने भिंतीवरचं जुनं घड्याळ काढून टाकलं, स्वतःचं मनगटी घड्याळ सुद्धा. दोन घड्याळं असली की भांडणं होतात, म्हणाली. आमच्या दोघांत फोनही एकच, तो घड्याळाच्या सेवेला.

आणि मग माझ्या पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. विहाराच्या पटांगणात मांडव, पत्रिकेवर साडेअकरा. बाईने जाहीर केलं की हे लग्न साडेअकराला लागेल, नवरा असो नसो. मांडवासाठी तिने नवीन मोठं घड्याळ केलं, लाल दिव्यांचं, हातभर आकड्यांचं. प्रोग्रामही नव्याने लिहिला. आठवडाभर घराघरात जाऊन दम दिला. नवऱ्याच्या मामाला फोन करून सांगितलं की जेवण लग्नानंतरच मिळेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी रेंजसाठी आमचा फोन बांबूच्या टोकाला बांधून मांडवाच्या वर उभा केला. घड्याळाने वेळ मागवली, आकडे आले, बाईने कमरेवर हात ठेवले. आणि काय सांगू, लोक आले. भिऊन आले, पण आले. मामासुद्धा आला. मांडव गच्च. बौद्धाचार्य म्हणजे लग्न लावणारा, तो बाईच्याच हाताखाली शिकलेला, त्याच्या स्वतःच्या लग्नात तो स्वतः उशिरा आला होता. तोही येऊन आसनावर बसलेला. पांढरे कपडे, उदबत्त्या, सगळं तयार. घड्याळात अकरा.

मी आचाऱ्याकडे होतो, पण मांडव एवढा शांत का झाला म्हणून डोकावलो. लोक आपापल्या फोनकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग बाईकडे, आणि मग पायाकडे. कुणी बोलेना. उकाड्याने नवरीच्या फुलांची मान पडली तरी बोलेना. बाई घड्याळाखाली एखाद्या फौजदारासारखी उभी. घड्याळात साडेअकरा झाले तसा तिने हात वर केला, बौद्धाचार्याने त्रिशरण सुरू केलं, आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. त्रिशरणाला टाळ्या कुणी वाजवत नाही. बाईचा चेहरा असा झाला होता की मी आचाऱ्याला म्हटलं, बघ, अशी ती आमच्या लग्नातही दिसली नव्हती.

पंगतीत एक मुंबईचा पाहुणा होता, त्याला बाई कोण ते माहीत नव्हतं. ती वाढायला गेली तेव्हा तो शेजाऱ्याला सांगत होता, "लग्न अर्धाच तास लेट. तुमच्या कोकणात बरीच सुधारणा आहे."

बाईने वरणाचा डाव पातेल्यात ठेवला. मला म्हणाली, "अहो, बांबू उतरवा." फोन काढून बघितला. मग ती मोठ्या टोपांच्या मागे जाऊन बसली. मला वाटलं रडते. जाऊन बघतो तर पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. मधूनमधून एकच शब्द, "अर्धा, अर्धा." मी पाणी आणलं, तर ते पण माझ्या अंगावर उडालं.

झालं होतं ते असं. घरच्या घड्याळात साडेपाच तासांचे सेकंद करून लिहिले होते. मांडवाच्या घड्याळात तिने सरळ साडेपाच लिहिलं, वाचणाऱ्याला पटकन कळावं म्हणून. पण जिथे लिहिलं ती जागा तिने पूर्ण आकड्यासाठी केली होती. यंत्राने पाच ठेवले आणि अर्धा गुपचूप टाकून दिला. "जन्मभर पोरांना अपूर्णांक शिकवले आणि मला अर्ध्यानेच खाल्लं," म्हणाली.

तिने बौद्धाचार्याला बोलावलं आणि त्याचा कान धरला, जावई-सुना असलेल्या माणसाचा. सांगितलं का नाहीस?

"बाई, जन्मात पहिल्यांदा मी तुमच्या आधी तयार होतो. मोडवलं नाही."

तिने कान सोडला आणि त्याच्या पानात जिलबी वाढली.

घरी येताना मात्र पाखाडीवर थांबून म्हणाली, "म्हणजे राहिलंच की हो माझं." मी म्हटलं, पुढचं लग्न आहे की. "पुढच्या लग्नाला मला कोण विचारतंय आता," म्हणाली. मग एकदा मासे साफ करता करता सहज बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं.

"माझ्या वेळेला तरी लिहिल्या वेळेला सुरू करा. माहेरची माणसं आल्याशिवाय उचलत नाहीत म्हणाल, आणि माझा भाऊ चिपळूणहून येईपर्यंत मला दुपारभर पडवीत ठेवाल."

"तू कशाला जातेस आधी? मी जाणार."

"तुम्ही? तुम्ही तिथेसुद्धा उशिरा पोचाल."

तर आता ती सकाळ.

मला जाग आली तेव्हा पडवीत ऊन आलं होतं आणि घड्याळात पावणेसहा. मला वाटलं, आज उन्हाचंच काहीतरी चुकलंय. खरंच तसं वाटलं. बाईच्या घड्याळापुढे सूर्याचं कोण ऐकतो. मी परत पडलो, बाई उठून चहा टाकेल म्हणून वाट बघत. मग लक्षात आलं, लाईट जाऊन आली असणार. आणि लाईट जाऊन आली असून मला अजून कुणी गडग्यावर चढ म्हटलेलं नाही.

तेव्हाच मला कळलं. आत जाऊन हात लावून बघितलं ते नंतर.

शेजारी आले, बायका आल्या, बाईला पडवीत आणून निजवली, पांढरं वस्त्र घातलं. मेव्हण्याला चिपळूणला फोन गेला, तो म्हणाला निघालोच. बौद्धाचार्य वाडीच्या ग्रुपवर मेसेज टाकायला बसला. वेळ काय टाकू, विचारलं. मी म्हटलं, दहा. त्याने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "दहा म्हणजे अकरा ना, काका?"

"दहा म्हणजे दहा."

पण घड्याळ चुकीचं चालू होतं. तिच्या उशाशी ते साडेपाचपासूनची खोटी वेळ मोजत होतं. कुणीतरी म्हणालं असू दे, सगळ्यांकडे फोन आहेत. मी फोन घेतला, माणसांतून वाट काढली आणि गडग्यावर चढलो. बटण दाबलं. हात वर केला. खळ्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, बघू देत. हात भरून आला. उतरायचं कधी ते कळेना, कारण ते सांगणारी आत पडवीत झोपलेली. मग बौद्धाचार्य उठून घड्याळासमोर जाऊन उभा राहिलेला दिसला, शाळेत उभा राहायचा तसा, हात बांधून. बराच वेळ उभा होता.

"आली," तो म्हणाला. "उतरा, काका."

दहाच्या आधी अख्खी वाडी खळ्यात होती. पाखाडीपर्यंत माणसं. ज्यांची मंडणगडची गाडी चुकली होती ते सुद्धा. मेव्हण्याचा फोन आला, अर्ध्याच्या वर वाट झालीय, अर्धा तास थांबा. म्हातारी माणसं म्हणाली, भाऊ आहे, थांबावं, माहेरचं माणूस आल्याशिवाय कसं. मी मेव्हण्याला म्हटलं, "अर्धा तास तिचा एकदा गेलाय, बाबा. परत नाही घालवत. तू थेट स्मशानात ये." तो रडला, पण हो म्हणाला. तो तिचाच भाऊ होता.

घड्याळात दहा झाले तसं मी मान हलवली आणि बौद्धाचार्याने त्रिशरण सुरू केलं. वंदना झाली, पंचशील झालं, उचलली. पुढचा खांदा मी घेतला. पाखाडीच्या पहिल्या पायरीवर मागून येणाऱ्या वाडीतल्या पोरींनी सांगितलं की वंदना घड्याळात दहा वाजून एक मिनिटाने सुरू झाली.

एक मिनिट चालतं. तेवढं प्रवासात जातंच.